घोडकाठी विणलेले एस्टोनियन हातमोजे

एस्टोनिया हा बाल्टिक समुद्राकाठचा लहानसा देश. तिथल्या बायका बारीक सुयांवर, दोन रंगांच्या लोकरीत हातमोजे विणतात. अंगठा वेगळा, चारही बोटं एकाच घरात, आणि मनगटापासून टोकापर्यंत दाट नक्षी. माझी भाची टॅलिनला नोकरीला गेली आणि तिथून तिने या मोज्यांच्या नक्षीचे आलेख पाठवले. मी शिरूर तालुक्यातल्या, घोड नदीकाठच्या इनामगावची. लोकरीचं विणकाम आईकडून शिकले. स्वेटर, टोपडी, मफलर यांच्यात हात मुरलेला होता, पण या मोज्यांनी मला पुन्हा शिकायला बसवलं. पुढे आमच्या बचत गटातल्या बायकाही त्यात आल्या. तो नमुना इथल्या थंडीला, इथल्या कामाला आणि इथल्या मातीतल्या नक्षीला जुळवून घेताना हाताला जे कळलं, ते लिहिते आहे.

१. आधी एका रंगात एक मोजा विणून काढावा.

आलेख पाहिला की डोळा सरळ नक्षीकडे जातो. पण नमुना बदलायचा असेल तर आधी त्याची बांधणी हातात यावी लागते. हा मोजा पाच सुयांवर होतो. चार सुयांवर टाके वाटलेले असतात, पाचवीने विणायचं. मनगटाचा काठ सोडला तर उलटी सुई नाहीच, गोल गोल सुलट फेऱ्या. त्यामुळे शिवण कुठेच येत नाही. अंगठ्याच्या जागी वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने काही टाके विणून ठेवायचे आणि नक्षी न तोडता वर निघून जायचं. शेवटी तो दोरा उसवला की वरचे-खालचे टाके मोकळे होतात, ते सुयांवर घेऊन अंगठा उभा करायचा. वर दोन्ही कडांना टाके कमी करत टोक बंद होतं. आपल्याकडे काही नमुन्यांत अंगठ्यासाठी टाके वाढवून पाचर घालतात. या मोज्यात ती नाही, म्हणूनच नक्षी अंगठ्यापाशी अडखळत नाही. एवढं एकदा साध्या लोकरीत करून पाहिलं, की कुठे हात घालायचा आणि कुठे नाही ते आपोआप कळतं.

२. सुई बारीकच हवी.

आपल्याकडे स्वेटरला 10 किंवा 9 नंबरची सुई घेतात. सुयांचा हा जुना हिशेब उलटा चालतो, नंबर वाढला की सुई बारीक होते. या मोज्यांना मी 14 नंबरची घेते. ती बरोबर 2 मिलिमीटरची असते. एस्टोनियातल्या जुन्या मोज्यांसाठी तर याहूनही बारीक सुया लागत. तालुक्याच्या बाजारात पाचांचा संच सहसा मिळत नाही, पण सायकलच्या चाकाचा साधा स्पोकही 2 मिलिमीटरचाच असतो. वाकडं टोक आणि आट्यांचा भाग कापून टाकायचा, दोन्ही टोकं कानसेवर निमुळती करायची, मग पॉलिश पेपरने इतकी घासायची की लोकर अडकणार नाही. आमच्या गटातल्या बऱ्याच जणी अशाच सुयांवर विणतात, आणि मला त्या विकतच्या सुयांइतक्याच आवडतात.

३. क्रोशा येत असेल तर निम्मं काम झालेलंच आहे.

दोन रंग एकाच फेरीत चालवायचे म्हणजे दोन धागे सांभाळायचे. आपण सुयांवर विणताना लोकर उजव्या हातात धरतो. क्रोशाच्या वेळी मात्र दोरा डाव्या बोटावर असतो. ज्या बाईने दाराची तोरणं, ताटावरचे रुमाल केले आहेत तिच्या डाव्या हाताला धाग्याचा ताण आधीच माहीत असतो. तिला मी एवढंच सांगते: तांबडा उजव्यात, काळा डाव्यात, आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत अदलाबदल नाही. ज्या हातातला धागा मागच्या बाजूने खालून जातो त्याचे टाके किंचित उठून दिसतात. मध्येच हात बदलले तर नक्षी एका पट्ट्यात ठळक आणि पुढच्या पट्ट्यात पुसट होते, आणि असं का झालं तेही लक्षात येत नाही.

मागून जाणारे दोरे सैल सोडावेत. उजव्या सुईवरचे टाके बोटाने पसरून मगच दुसरा रंग घ्यायचा. दोरा ताणला तर मोजा आवळतो आणि हात आत जात नाही. आणि सलग पाच टाक्यांपेक्षा जास्त एक रंग चालला तर दुसरा मध्येच मागे अडकवून घ्यावा, नाहीतर घालताना बोट नाहीतर अंगठी त्यात गुंतते.

४. गोल वस्तूवरची नक्षी गोल वस्तूवरच बसते.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त शिकवलं ते याच गोष्टीने, म्हणून इथे जरा थांबते.

इनामगावचं नाव जगभरातल्या पुरातत्त्वाच्या पुस्तकांत आहे. घोड नदीच्या काठच्या इथल्या पांढरीच्या टेकाडांवर पुण्याच्या डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात उत्खनन केलं. सांकलिया, ढवळीकर आणि अन्सारी यांच्या नावाचा मोठा अहवाल 1988 साली निघाला. सुमारे इसवी सनापूर्वी 1600 ते 700 इतकी वर्षं इथे शेतकऱ्यांची वस्ती होती. ती माणसं सातू पेरत, गुरं, शेळ्यामेंढ्या पाळत, नदीच्या पुराचं पाणी पाट खोदून वळवत. कुंभाराची गोल भट्टीही सापडली. आणि सापडली ती भांडी: चाकावर घडवलेली, पक्की भाजलेली, तांबूस-केशरी अंगावर काळ्या रंगाची नक्षी. संगमनेर तालुक्यातल्या जोर्वे गावी 1950-51 साली ती पहिल्यांदा ओळखली गेली, म्हणून त्यांना जोर्वे भांडी म्हणतात. तोटीचे चंबू आणि मध्ये कणा असलेले वाडगे ही त्यांची ओळख.

एस्टोनियन आलेखातल्या चांदण्या आणि चौकड्या विणून हात बसला, तेव्हा वाटलं की इथली नक्षी घालून पाहावी. घरात नक्षी कमी नव्हती. गोधडीचे ठिगळांचे चौकोन होते, रांगोळीची ठिपक्यांची फुलं होती, पैठणीच्या पदरावरचा मोर होता. ते सगळं मी कागदावर उतरवलं आणि काही ना काही अडलं. गोधडीला कडा असतात, रांगोळीला मध्य असतो, मोराला डोकं आणि शेपूट. मोजा म्हणजे नळी. तिला कडा नाही, मध्य नाही, सुरुवात नाही. मोर तळहातावर पसरला तर त्याच्या आजूबाजूला मोकळी जागा राहते आणि त्या जागेत मागचे दोरे लांबच लांब लोंबतात.

जोर्वे चंबू मात्र मोज्यावर सहज उतरला. कारण तोही गोल आहे. त्याच्या खांद्यावर आडव्या रेषांमध्ये बांधलेला पट्टा आहे, आणि पट्ट्यात तिरप्या रेषांचे गट, जाळीचे शंकरपाळे, त्रिकोण, नागमोडी रेघा फिरून फिरून येतात. गोल फिरणाऱ्या अंगावर कुठूनही पाहिलं तरी पुरी वाटेल अशी नक्षी त्या चितारणाऱ्या हाताने निवडली होती. एस्टोनियातल्या बाईनेही पाच सुयांवर तेच केलं. ही दोन माणसं एकमेकांना माहीत असण्याचा प्रश्नच नाही. पण वस्तू गोल असली की तिच्यावरच्या नक्षीला गोलाचे नियम पाळावे लागतात, आणि दोघांनी ते पाळले. तेव्हापासून कुठलाही परका नमुना आपलासा करताना मी आधी पाहते की ती वस्तू कशी वळते, कुठे जुळते. नक्षी कोणत्या देशातली हे त्यानंतर.

आणखी एक गंमत हाताने शोधून काढली. भांड्यांवरचे बरेच शंकरपाळे रिकामे नाहीत, आत उभ्या-आडव्या नाहीतर तिरप्या रेघांची जाळी भरलेली आहे. विणकामाला ती वरदानच आहे. रिकाम्या शंकरपाळ्यात मध्यावर आठ-दहा टाके एकाच रंगाचे येतात. जाळी असली की एक काळा, एक तांबडा असं चालतं, मागचा दोरा लांबत नाही आणि कापड दुहेरी, ऊबदार होतं.

इनामगावच्या सर्वांत खालच्या थरांत माळव्याची भांडी मिळाली. त्या परंपरेत प्राणीही रंगवलेले असतात. ते फार देखणे आहेत. मी ते मोज्यावर घेत नाही, मोर घेत नाही त्याच कारणाने.

५. खापर उचलू नये.

पांढरीवर फिरताना पायाशी रंगीत तुकडा दिसला की मन होतं. तिथेच बसून वहीत चित्र काढावं, फोटो घ्यावा आणि तुकडा होता तिथे ठेवून यावं. जागेवरून हललेलं खापर कुठल्या थराचं, कुठल्या घराचं ते सांगता येत नाही, मग ते नुसतं खापर उरतं. पुरी भांडी पाहायची तर येरवड्याला डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात जावं. मी तिथे काचेपाशी उभी राहून चौकोनांच्या वहीत नक्षी उतरवून घेतली आहे. अख्खं भांडं पाहिल्याशिवाय पट्टा कुठे सुरू होतो, किती वेळा फिरतो हे कळत नाही, आणि विणकामाला नेमकं तेच लागतं.

६. आकडा आधी, चित्र नंतर.

14 नंबरच्या सुईवर, तीन पदरी लोकरीत माझे इंचाला साधारण आठ टाके बसतात. बाईच्या हाताचा घेर आठ इंच धरला तर 64 टाके, म्हणजे सुईवर सोळा. आठ टाक्यांची नक्षी त्यात आठ वेळा फिरते. बाराची नक्षी 64 मध्ये बसत नाही, तिला 60 किंवा 72 टाके घ्यावे लागतात. पुरुषाच्या हाताला 72 हवेच असतात, म्हणून जाळीचे मोठे शंकरपाळे मी पुरुषांच्या मोज्यांवर घेते आणि तिरप्या रेघा बायकांच्या.

तिरप्या रेघांचा गट असा: एक काळा, एक तांबडा, एक काळा, एक तांबडा, एक काळा, तीन तांबडे. झाले आठ. पुढच्या प्रत्येक फेरीत हे सगळं एका टाक्याने सरकवायचं. तीन टाक्यांपेक्षा लांब दोरा कुठेच नाही. नवी बाई शिकायला बसली की मी पहिल्यांदा हेच देते.

एस्टोनियन आलेखात शब्दांत काही लिहिलेलं नसतं, नुसते चौकोन. ते खालून वर आणि उजवीकडून डावीकडे वाचायचे. आपली नजर डावीकडून निघते, त्यामुळे पहिल्या दिवशी सगळ्याच गोंधळतात. आमच्या गटात एकजण आलेख धरून मोठ्याने म्हणते आणि बाकीच्या विणतात. ज्यांना आलेख वाचता येत नाही त्याही चार फेऱ्यांत ओळ पाठ म्हणू लागतात. आपल्या बायकांनी उखाणे आणि ओव्या अशाच धरून ठेवल्या आहेत, त्यांना हे अवघड नाही.

दुसऱ्या हाताच्या मोज्याला तोच आलेख डावीकडून वाचावा. रेघा उलट्या दिशेला कलतात आणि जोडी समोरासमोर ठेवली की जुळते. फेरी जिथे सुरू होते ती जागा करंगळीच्या बाजूला ठेवावी. आडवे पट्टे तिथे एका टाक्याने खालीवर होतात आणि ते लपतं.

७. गेरू घ्यावा, लाल नको.

पहिल्यांदा सगळ्याच जणी गडद लाल आणि काळा निवडतात. दुकानात ते उठावदार दिसतात, विणल्यावर एकमेकांत बुडून जातात. जोर्वे भांड्याचा तांबडा हा उजळ असतो, केशराकडे झुकलेला. दोन्ही लडी शेजारी ठेवून मोबाइलवर काळापांढरा फोटो काढावा. त्यात दोन्ही सारख्याच दिसल्या तर जोडी बदलावी. काळ्या लोकरीचा रंग सुटतो का हे ओल्या पांढऱ्या रुमालात दाबून आधीच पाहावं.

जुन्या एस्टोनियन मोज्यांत गडद निळा आणि पांढरा पुष्कळ. तो निळा निळीचा. 19व्या शतकात जगाच्या बाजारातली बरीच नीळ आपल्याच देशातून जात होती, आणि ती पिकवणाऱ्या शेतकऱ्यांचे हाल आपल्याला ठाऊक आहेत. निळ्या-पांढऱ्याची जोडी हातात घेते तेव्हा मला ते आठवतं.

८. खरी लोकर, पण गावची नाही.

आपल्या भागात मेंढरं आहेत, धनगरांचे वाडे आहेत, घोंगडी आहे. मग लोकर बाहेरून का आणायची, असं मला नेहमी विचारतात. दख्खनी मेंढीची लोकर आखूड आणि राठ असते. तिचं सूत घोंगडीला उत्तम: मागावर विणून चिंचोक्याची खळ दिली की पावसात, उन्हात वर्षानुवर्षं टिकते. पण तिचं बारीक, मऊ सूत निघत नाही आणि मनगटाच्या आतल्या त्वचेला ती टोचते. ज्या कामासाठी ती आहे ते काम तिच्याकडून घ्यावं. मोज्यासाठी मी मऊ मेंढीलोकर मागवते. बाजारात लोकर म्हणून जे गुंडे मिळतात त्यातले बहुतेक ॲक्रिलिकचे असतात. लेबल वाचून घ्यावं. ॲक्रिलिक ओलं झालं की हात गार पडतो. खरी लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा दमटपणा पिऊनही ओली लागत नाही.

घोडकाठच्याच चांडोलीला, इनामगावच्या त्या जुन्या वस्तीच्याच, ताम्रपाषाण काळातल्या एका लहान मुलाच्या दफनात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली, ती जवसाच्या धाग्यात ओवलेली होती. लोकर नाही, पण कोणाच्या तरी हाताने काढलेलं सूत होतं. सुईवर टाके घालताना हे मनात असलं की हात सावकाश चालतो.

९. घालणाऱ्याचं काम पाहून मोजा बदलावा.

टॅलिनमध्ये हिवाळ्यात पारा शून्याच्या खूप खाली जातो. तिथे चारही बोटं एकत्र राहिली की एकमेकांना ऊब देतात, म्हणून तो आकार. भाचीसाठी मी तो तसाच ठेवते, फक्त मनगट लांब करते.

इथे पौष-माघात पहाटे हात बधिर होतात, पण काम थांबत नाही. थ्री फेजची वीज रात्रीच्या पाळीला आली की उसाला पाणी द्यायला जावं लागतं. पहाटे दुधाचे कॅन घेऊन मोटारसायकलवर डेअरी गाठायची असते. पहिली जोडी दिराला दिली तेव्हा ते म्हणाले, “वहिनी, लई गरम हाये, पण ह्यानं क्लच दाबू कसा?” त्यांचं म्हणणं रास्त होतं. मग मी बोटांच्या मुळाशी टाके बंद करून मोजा उघडा ठेवला. त्याच जागी मागच्या बाजूचे टाके पुन्हा उचलून टोपी विणली, जी गाडीवरून उतरल्यावर बोटांवर ओढता येते आणि एरवी मनगटाकडे उलटून गुंडीला अडकते. तळहाताकडे मोठे शंकरपाळे न घेता एक काळा, एक तांबडा अशी बारीक चौकड ठेवली. ती सर्वांत घट्ट बसते आणि हँडलच्या घासण्याला टिकते.

हे बदलताना दोन गोष्टी मी हलवल्या नाहीत: मनगटाशी दोन रंगांच्या उलट टाक्यांची आडवी वेणी आणि पाचर नसलेला अंगठा. वेणी काठ गुंडाळू देत नाही. पहिल्या फेरीत दोन्ही धागे एकमेकांत पिळले जातात, दुसरी फेरी उलट दिशेने टाकली की तो पीळ आपोआप सुटतो. म्हणून वेणीच्या फेऱ्या नेहमी दोन कराव्यात.

१०. कोणाचं काय घेतलं ते सांगावं.

एस्टोनियातला विणकामाचा सर्वांत जुना तुकडा जोउगा इथल्या दफनभूमीत मिळालेल्या मोज्याचा आहे, साधारण 13व्या शतकाच्या अखेरचा किंवा 14व्याच्या सुरुवातीचा. तार्तूला 1909 साली स्थापन झालेल्या एस्टोनियन राष्ट्रीय संग्रहालयाने गावोगावचे मोजे जपून ठेवले आहेत. तिथल्या नवऱ्या मुली लग्नाआधी पेटी भरून मोजे विणत आणि लग्नात सासरच्या माणसांना वाटत. आपल्या रुखवतात मुलीच्या हातचं काम मांडलं जातं, तिथे ते घरोघरी हातांवर चढत असे. किह्नू बेटावरच्या बायका आजही आपले पारंपरिक कपडे विणतात आणि घालतात. त्या बेटाच्या संस्कृतीची युनेस्कोने 2003 साली नोंद घेतली. त्यांची नक्षी त्यांची आहे. ती मी शिकायला विणते, विकायला नाही. बांधणी मात्र सगळ्या एस्टोनियाची आहे आणि ती मी कृतज्ञतेने घेतली आहे.

जोडी कोणाला देताना आमच्या गटातल्या बायका दोन वाक्यं सांगतात. मोज्याची रीत एस्टोनियाची, नक्षी इनामगावच्या जोर्वे भांड्यांची. गावातल्या शाळकरी मुली हे ऐकून विचारतात की पांढरीवर असं काय सापडलं. त्यांना मी अहवालातली चित्रं दाखवते.

११. दोन्ही मोजे बरोबर चालवावेत.

एक पुरा करून मग दुसरा घेतला तर मधल्या दिवसांत हात सैल नाहीतर घट्ट होतो आणि जोडीत अर्ध्या इंचाचा फरक पडतो. सुयांचे दोन संच ठेवावेत. एकाचं मनगट झालं की दुसऱ्याचं मनगट, एकाचा अंगठ्यापर्यंतचा भाग झाला की दुसऱ्याचा. आलेखावर पेन्सिलने फेरी मोजत जावं. झाल्यावर कोमट पाण्यात दोन्ही एकदम भिजवावेत, पिळू नयेत, टॉवेलात गुंडाळून दाबावेत आणि सावलीत सपाट वाळत टाकावेत. पहिल्या धुण्यात टाके आपापल्या जागी बसतात, म्हणून जोडी देण्याआधी हे एवढं घरीच करून द्यावं.